विश्लेषण : मालिका हरली, चौकशी बसली... १९३६च्या पराभवानंतर चाहत्यांच्या रोषाचे धनी ठरलेले विझी कोण होते?

न्यूझीलंडने नोव्हेंबर २०२४मध्ये वानखेडे स्टेडियमवर भारताला २५ धावांनी हरवले, तेव्हा तीन कसोटींची मालिका ३-० अशी त्यांच्या खिशात गेली. त्याआधी बंगळूरुला आपला पहिला डाव ४६ धावांत आटोपला होता आणि पुण्याजवळ गहुंजेला आपण फिरकीच्या आपल्याच सापळ्यात अडकलो होतो. मायदेशात सलग १८ मालिका जिंकलेल्या संघाचे हे असे झाले. त्या रविवारी दुपारी चर्चगेटहून सुटलेल्या गाड्यांमध्ये आणि मोबाइलवरच्या गटांमध्ये प्रश्न एकच होता. याला जबाबदार कोण? कर्णधार, प्रशिक्षक, निवड समिती की मंडळ?

हा प्रश्न नवा नाही. जवळपास नव्वद वर्षांपूर्वी तो इतक्या जोरात विचारला गेला, की उत्तर शोधण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना बसवावे लागले. चौकशीच्या केंद्रस्थानी होते भारताचे कर्णधार, विजयनगरमचे महाराजकुमार सर विजय आनंद गजपती राजू. क्रिकेटच्या इतिहासात ते विझी या दोन अक्षरी नावाने ओळखले जातात. त्यांचे नाव आजही बहुतेक वेळा हसण्यासाठीच घेतले जाते. ते हसू बऱ्याच अंशी रास्त आहे. पण तेवढ्यावर थांबले, तर १९३६ साली नेमके काय बिघडले होते ते हातातून निसटते.

चाहत्यांची अपेक्षा एवढी का वाढली होती?

१ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर नागपूरचे सी. के. नायडू यांनी एमसीसीच्या गोलंदाजांना ११ षटकार मारून १५३ धावा केल्या. इंग्रजांच्या खेळात इंग्रजांना असे झोडपता येते, हे त्या दिवशी हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यामागे त्या खेळीचा मोठा वाटा मानला जातो. पुढे जून १९३२मध्ये भारत लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला. नायडू कर्णधार होते. पहिल्याच सकाळी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. सामना १५८ धावांनी गेला, पण लाज गेली नाही.

डिसेंबर १९३३मध्ये पुन्हा मुंबईच्या जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली. तीत लाला अमरनाथ या पंजाबच्या तरुणाने पदार्पणातच ११८ धावा केल्या. भारताचे हे पहिले कसोटी शतक. लोक मैदानात घुसले, हार पडले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. ती मालिका डग्लस जार्डिन यांच्या इंग्लंडने २-० अशी जिंकली. तरीही लोकांना वाटले, आता फार दूर नाही.

म्हणजे १९३६चा संघ बोटीवर चढला, तेव्हा चाहत्यांच्या हिशेबात नायडू होते, अमरनाथ होते, विजय मर्चंट होते, मुश्ताक अली होते, गोलंदाजीत मोहम्मद निसार आणि अमर सिंग ही जोडी होती. एवढी सामग्री घेऊन गेलेला संघ मालिका हरून आला आणि त्यातला एक जण तर पहिल्या कसोटीआधीच परत आला. राग यायला एवढे पुरेसे होते. त्यात हे सारे घडत असताना बातमी कळायची ती छापील वर्तमानपत्रातून, दुसऱ्या दिवशी आणि तुटक. जे छापून यायचे नाही त्याची भरपाई कुजबुजीने व्हायची.

विझी हे होते तरी कोण?

जन्म २८ डिसेंबर १९०५. आजच्या आंध्र प्रदेशातील विजयनगरमच्या राजघराण्यातले हे धाकटे पुत्र, म्हणून महाराजकुमार. गादी थोरल्या शाखेकडे, यांच्याकडे पैसा आणि मोकळा वेळ. शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात आणि मग इंग्लंडमधील हेलीबरीला. टेनिस चांगले खेळत, शिकारीचा नाद होता. पुढे घराण्यातल्या बेबनावानंतर ते बनारसच्या इस्टेटीवर राहायला गेले आणि तिथे वाड्याच्या आवारात क्रिकेटचे स्वतःचे मैदान तयार केले. स्वतःचा संघही उभा केला.

त्यांच्या चांगल्या कामाची नोंद इथे करायला हवी, कारण ती सहसा केली जात नाही. १९३०-३१च्या हंगामात सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे एमसीसीचा भारत दौरा रद्द झाला. तेव्हा विझी यांनी जॅक हॉब्स आणि हर्बर्ट सटक्लिफ या जगातल्या सर्वोत्तम सलामीच्या जोडीला स्वतःच्या खर्चाने आणले आणि भारत व सिलोनमध्ये दौरा काढला. हॉब्स यांना भारतात यायला राजी करणे सोपे नव्हते. त्या संघात विशीही न गाठलेले मुश्ताक अली होते. हॉब्स आणि सटक्लिफ यांच्यासोबत खेळायला मिळणे म्हणजे काय, हे कुठल्याही उगवत्या खेळाडूला विचारा. वेस्ट इंडिजचे लिअरी कॉन्स्टंटाइन यांनाही त्यांनी भारतात खेळायला आणले होते.

म्हणजे विझी यांना क्रिकेटचे वेड होते, यात शंका नाही. अडचण एकच होती. त्यांना फक्त क्रिकेट पाहायचे किंवा पोसायचे नव्हते, त्यांना भारताचे कर्णधार व्हायचे होते. आणि खेळाडू म्हणून त्यांची ताकद एखाद्या बऱ्या क्लबच्या संघात निभावेल इतपतच होती.

मग ते कर्णधार झाले कसे?

इथे खरी गोम आहे. त्या काळात भारतीय संघाचे नेतृत्व संस्थानिकाकडेच असावे, असे मंडळातल्या बहुतेकांना वाटे. कारण दिले जाई ते असे, की वेगवेगळ्या धर्मांच्या आणि प्रांतांच्या खेळाडूंना राजघराण्यातला माणूसच एकत्र ठेवू शकेल. १९३२च्या दौऱ्यासाठी पोरबंदरचे महाराज कर्णधार, लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार आणि विझी यांच्यासाठी मुद्दाम तयार केलेले उप-उपकर्णधार असे पद होते. विझी यांनी त्या दौऱ्यासाठी मोठी देणगी देऊ केली होती. पण प्रत्यक्षात ते गेले नाहीत. पोरबंदरच्या महाराजांना स्वतःच्या खेळाची मर्यादा ठाऊक होती. कसोटीच्या दिवशी ते बाजूला झाले आणि नायडू यांच्या हाती सूत्रे आली. सुज्ञपणा म्हणतात तो हा. चार वर्षांनी तो दिसला नाही.

जन्मावर कर्णधारपद ठरण्याची ही रीत फक्त संस्थानिकांपुरती नव्हती, हे महाराष्ट्राने तर फार जवळून पाहिले होते. पळवणकर बाळू हे आपल्या काळातले देशातले सर्वोत्तम फिरकी गोलंदाज, पण दलित असल्यामुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली आणि तेही मोठ्या वादंगानंतर. कोण सर्वांत चांगला खेळतो हा प्रश्न मागे आणि कोणाच्या हाताखाली कोण खेळणार हा प्रश्न पुढे, अशी ती व्यवस्था होती.

तिशीच्या दशकात या व्यवस्थेत दोन गट पडले. एका बाजूला पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, दुसऱ्या बाजूला व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन. दोघांचे फाटले होते आणि त्या फटीत विझी यांनी पाय रोवला. दिल्लीच्या फिरोजशा कोटला मैदानावर त्यांनी विलिंग्डन यांच्या नावाने पॅव्हिलियन बांधून दिले. देशातल्या प्रांतांच्या स्पर्धेसाठी पतियाळा यांनी रणजी करंडक देऊ केला, तर विझी यांनी विलिंग्डन यांच्या नावाचा करंडक पुढे केला. अखेर रणजी हे नाव टिकले, ते आजतागायत. करंडकाची लढाई विझी हरले. पण त्यांचे लक्ष्य मोठे होते.

१९३६च्या दौऱ्यासाठी आधी पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांचे नाव ठरले होते. इंग्लंडकडून खेळताना सिडनीला पदार्पणात शतक ठोकलेला हा फलंदाज. त्यांच्या निवडीबद्दल फारशी तक्रार झाली नसती. मात्र प्रकृतीचे कारण देऊन त्यांनी माघार घेतली. आता उरले नायडू आणि विझी. एकाच्या बाजूने खेळ होता, दुसऱ्याच्या बाजूने मते. विझी यांनी प्रांतिक संघटनांच्या प्रतिनिधींची पद्धतशीर मनधरणी केली होती. मंडळाच्या बैठकीत मतदान झाले आणि ते जिंकले.

चाहत्यांना या खोलीतले काहीच दिसले नाही. त्यांना दिसला तो थेट मैदानावर आलेला, चष्मा लावणारा कर्णधार.

दौऱ्यावर काय घडले?

विझी दोन नोकर आणि सामानाचे ३६ डाग घेऊन निघाले, असे सांगतात. याच संघात मुंबईचे यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर होते. मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमधली साधी नोकरी सांभाळून खेळणारे. एकाच बोटीतल्या या दोन माणसांमधले अंतर लक्षात घेतले, की पुढचे बरेच काही आपोआप समजते.

कौंटी संघांविरुद्ध विझी खेळत राहिले. त्या दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी सुमारे ६०० धावा केल्या, सरासरी साधारण १६ची. त्यातल्याही काही धावांबद्दल एक किस्सा आहे. नाणेफेकीच्या आधी प्रतिस्पर्धी कर्णधाराला सोन्याचे घड्याळ भेट द्यायचे आणि मग फलंदाजीला गेल्यावर सोपे फुलटॉस मिळायचे. हा किस्सा इतक्या जणांनी इतक्या प्रकारे सांगितला आहे, की त्यातले सोने किती आणि मुलामा किती हे सांगणे कठीण. पण एखाद्याबद्दल असा किस्सा पसरतो आणि तो सगळ्यांना पटतो, यातूनही काही कळतेच.

मैदानावरचे मात्र किस्से नव्हते. कुठल्या गोलंदाजाला कधी आणायचे, क्षेत्ररक्षक कुठे उभे करायचे, याचे गणित जमत नव्हते. फलंदाजीचा क्रम सामन्यागणिक बदलायचा. आज सलामीला जाणारा उद्या सातव्या क्रमांकावर. आपली जागा कुठली हे खेळाडूंनाच कळेना. आणि ज्याला हे सारे कळत होते ते नायडू त्याच संघात, त्यांच्या हाताखाली. हळूहळू ड्रेसिंग रूममध्ये दोन तट पडले. कर्णधाराच्या मर्जीतले आणि नायडू यांना मानणारे. जेवणाचे टेबल, रेल्वेचा डबा, सगळीकडे ही फाळणी दिसायची.

अमरनाथ यांना परत का पाठवले?

दौऱ्याच्या पहिल्या टप्प्यात सर्वांत चांगला खेळ अमरनाथ यांचा होता. एसेक्सविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके केली होती. एकूण सहाशेहून अधिक धावा आणि ३२ बळी एवढी कमाई पहिली कसोटी सुरू होण्याच्या आत झाली होती.

लॉर्ड्सवर मायनर कौंटीज संघाविरुद्ध सामना होता. अमरनाथ यांची पाठ दुखत होती, उपचार चालू होते. त्यांना पॅड बांधून तयार राहायला सांगितले आणि मग एकामागून एक दुसऱ्याच फलंदाजांना आत धाडले. दिवसाचा खेळ संपत आला तेव्हा कुठे त्यांची पाळी आली. नाबाद परतल्यावर त्यांचा तोल गेला. त्यांनी पॅड, बॅट आदळली आणि पंजाबीत जे काही म्हणायचे ते म्हणून टाकले. कर्णधार आणि व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स यांनी शिस्तभंगाचा ठपका ठेवला. संघातल्या ज्येष्ठांनी रदबदली केल्याचे सांगतात. उपयोग झाला नाही. अमरनाथ यांना पुढच्या बोटीने मायदेशी रवाना करण्यात आले.

इथे दोन्ही बाजू पाहायला हव्यात. ड्रेसिंग रूममध्ये वस्तू फेकणारा खेळाडू आजही शिक्षेतून सुटणार नाही. सामन्याचे मानधन कापले जाईल, एखाद्या सामन्यातून वगळले जाईल. पण कसोटी मालिका तोंडावर असताना सर्वोत्तम अष्टपैलूला पूर्ण दौऱ्यातून हाकलणे, ही शिक्षा खेळाडूला होती की संघाला? भारतातल्या चाहत्यांनी हाच सवाल केला. ज्या पोराने मुंबईत इंग्लंडविरुद्ध शतक केले त्यालाच इंग्लंडमधून परत पाठवले, एवढी एकच ओळ लोकांच्या मनात उरली. पाठदुखी, पॅड आणि वाट पाहणे हे तपशील मागाहून आले.

कसोट्यांमध्ये नेमके काय झाले?

लॉर्ड्सवर जूनच्या अखेरीस पहिली कसोटी झाली. भारताच्या १४७. मग अमर सिंग यांनी ३५ धावांत ६ बळी घेत इंग्लंडला १३४वर गुंडाळले. चक्क १३ धावांची आघाडी! दुसऱ्या डावात दीडशे-दोनशे झाल्या असत्या तर सामना उघडा होता. झाल्या ९३. इंग्लंडचे कर्णधार गबी ॲलन यांनी दोन्ही डावांत पाच-पाच बळी घेतले आणि इंग्लंडने एकच गडी गमावून सामना खिशात घातला. अमरनाथ असते तर, हा चाहत्यांचा तेव्हाचा जप. त्याला उत्तर नाही आणि म्हणूनच तो संपतही नाही.

मधल्या काळात एक प्रसंग घडला. १५ जुलैला विझी बकिंगहॅम राजवाड्यात गेले आणि सर हा किताब घेऊन आले. कसोटी क्रिकेट खेळत असतानाच नाइटहूड मिळालेले ते पहिले खेळाडू, मात्र किताबाचे कारण क्रिकेट नव्हते. त्या वेळी लँकेशायरविरुद्धच्या सामन्यात नेतृत्व नायडू यांनी सांभाळले.

मँचेस्टरची दुसरी कसोटी ही मालिकेतली एकच आनंदाची गोष्ट. भारताच्या २०३ धावांना इंग्लंडने ८ बाद ५७१ असे उत्तर दिले, वॉली हॅमंड १६७. पराभव दिसत असताना मर्चंट आणि मुश्ताक अली सलामीला उतरले आणि त्यांनी २०३ धावांची भागी केली. मर्चंट ११४, मुश्ताक ११२. परदेशातले भारताचे पहिले कसोटी शतक मुश्ताक यांचे. त्या एका दिवसात दोन्ही संघांनी मिळून ५८८ धावा काढल्या, कसोटीच्या एका दिवसातला हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. सामना अनिर्णित राहिला.

या भागीदारीमागेही एक कडवट गोष्ट आहे. मर्चंट यांना धावबाद करावे, अशी सूचना कर्णधाराने आपल्याला दिली होती, असे मुश्ताक अली यांनी नंतर सांगितले. त्यांनी ती मैदानावर जाताना थेट मर्चंट यांनाच सांगून टाकली आणि दोघे हसले. एक इंदूरचा, एक मुंबईचा, एक मुस्लीम, एक हिंदू. वेगवेगळ्या धर्मांच्या खेळाडूंना राजाच एकत्र ठेवू शकतो, या सिद्धांताचे पुढे काय झाले, ते मँचेस्टरच्या धावफलकावर कुणालाही वाचता येते.

ओव्हलवर ऑगस्टमध्ये तिसरी कसोटी. हॅमंड यांचे द्विशतक, इंग्लंड ८ बाद ४७१. भारत २२२ आणि ३१२. नायडू यांनी वयाच्या चाळिशीत, ॲलन यांचा मार अंगावर झेलत ८१ धावा केल्या. त्यांची ही शेवटची कसोटी. पुन्हा नऊ गड्यांनी पराभव, मालिका २-०. या सामन्यात बाका जिलानी यांना संधी मिळाली, ती त्यांच्या कारकिर्दीतील एकमेव कसोटी ठरली. नाश्त्याच्या टेबलावर नायडू यांचा पाणउतारा केल्याचे ते बक्षीस होते, असे तेव्हापासून बोलले जाते.

विझी यांच्या स्वतःच्या कसोटी धावा : सहा डाव, ३३ धावा, सर्वोच्च नाबाद १९, सरासरी ८.२५.

पराभवाला एकटे विझीच जबाबदार होते का?

नाही. आणि हे चाहत्यांना तेव्हाही पटले नसते, आजही पटायला जड जाईल. इंग्लंडचा संघ मातब्बर होता. हॅमंड यांना त्या उन्हाळ्यात कुठलेही क्षेत्ररक्षण रोखू शकले असते असे वाटत नाही. अमर सिंग तर पूर्ण दौरा संघासोबत नव्हते, ते लँकेशायर लीगमध्ये व्यावसायिक म्हणून खेळत होते आणि कसोट्यांपुरते येत. लॉर्ड्सच्या ९३ धावांत मर्चंट, नायडू, मुश्ताक सगळेच अपयशी ठरले, ते काही कर्णधाराच्या सांगण्यावरून नव्हे. शिवाय भारत तोवर एकही कसोटी जिंकलेला नव्हता. पहिला विजय १९५२ साली मिळाला, सोळा वर्षांनी.

पण एक गोष्ट वेगळी होती. संघात अकरा जागा असतात. त्यातली एक अशा माणसाला दिली होती जो फलंदाज म्हणून बसत नव्हता, गोलंदाजी करत नव्हता आणि नेतृत्वही जमत नव्हते. भारत प्रत्येक कसोटी दहा खेळाडूंनिशी खेळला. हे गणित पुण्याच्या कट्ट्यावरचा किंवा आझाद मैदानावरचा कुठलाही प्रेक्षक मांडू शकत होता. ज्यांच्या हातात मत होते त्यांना ते मांडायचे नव्हते.

चौकशीतून काय निघाले?

संघ परतल्यावर वर्तमानपत्रांतून आणि सभांमधून टीकेची झोड उठली. मंडळाला गप्प बसणे अशक्य झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन बोमॉन्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जानेवारी १९३७मध्ये तिचा अहवाल आला. मुंबईच्या एका इंग्रज न्यायाधीशाने भारतीय राजपुत्राच्या क्षेत्ररक्षणाच्या रचनेवर निकाल द्यावा, हे दृश्य आज गमतीचे वाटते. निष्कर्ष मात्र गमतीचे नव्हते. विझी यांचे नेतृत्व संघाला घातक ठरले, गोलंदाजीतले बदल आणि क्षेत्ररक्षकांची मांडणी त्यांना समजत नव्हती, फलंदाजीचा ठरावीक क्रम त्यांनी कधी ठेवलाच नाही, असे समितीने स्पष्टपणे म्हटले. अमरनाथ यांच्यावरील डाग पुसला गेला.

चाहते जिंकले. पुढच्याच हंगामात, १९३७-३८मध्ये लॉर्ड टेनिसन यांचा संघ भारतात आला, तेव्हा अनधिकृत कसोट्यांमध्ये नेतृत्व विजय मर्चंट यांच्याकडे होते आणि अमरनाथ संघात परतले होते. विझी पुन्हा कधीही कसोटी खेळले नाहीत.

माझ्या मते अहवालाची मर्यादाही इथेच आहे. मैदानावरच्या चुकांचा हिशेब काटेकोर झाला. पण त्या माणसाला तिथे कोणी पाठवले, कोणत्या मतांवर आणि त्या मतांच्या बदल्यात काय, याचा हिशेब लोकांनी मागितला नाही आणि कोणी दिलाही नाही. रागाला एक चेहरा हवा होता. तो मिळाला आणि राग निवला. मतदान करणारी खोली होती तशीच राहिली.

पुढे विझी यांचे काय झाले?

त्याच खोलीतून ते परत आले. १९४७ साली, स्वातंत्र्याच्या तोंडावर त्यांनी सर हा किताब परत केला. उत्तर प्रदेशच्या क्रिकेटमध्ये त्यांचा शब्द चालू लागला. आणि १९५४मध्ये ते चक्क भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. ज्यांच्या कारभाराची मंडळाने चौकशी केली होती, तेच अठरा वर्षांनी मंडळाच्या सर्वोच्च खुर्चीत. तोवर चाहत्यांची नवी पिढी आली होती. तिच्यासमोर विनू मंकड होते, पॉली उम्रीगर होते, सुभाष गुप्ते होते, जुन्या रागाची आठवण ठेवायला तिला फुरसत नव्हती.

प्रशासक म्हणून विझी खेळाडूपेक्षा पुष्कळ बरे ठरले, असे म्हणायला जागा आहे. या खेळासाठी खिशातून खर्च करायला त्यांनी कधी मागेपुढे पाहिले नाही. १९५६-५७च्या रणजी हंगामात उत्तर प्रदेशचे कर्णधार म्हणून एक ६१ वर्षांचे गृहस्थ मैदानात उतरले, ते होते सी. के. नायडू. त्यांना आणण्यामागे विझी यांचाच हात होता असे मानतात. वीस वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या त्या उन्हाळ्याविषयी या दोघांमध्ये कधी बोलणे झाले असेल का, हे जाणून घ्यायला कुणालाही आवडेल.

अमरनाथ १९४७-४८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर स्वतंत्र भारताचे पहिले कर्णधार म्हणून गेले आणि १९५२मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानविरुद्ध पहिली मालिका जिंकली.

विझी यांना १९५८मध्ये पद्मभूषण मिळाले. विशाखापट्टणमचे खासदार म्हणून ते लोकसभेतही गेले. १९५९च्या इंग्लंड दौऱ्यात बीबीसीवर पाहुणे समालोचक म्हणून बसले. रेडिओवर ते भरभरून बोलत, खेळापेक्षा आठवणी अधिक. शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगण्यात तर त्यांचा हातखंडा होता. आपण शेकडो वाघ मारल्याचे त्यांनी एकदा सांगितले, तेव्हा वेस्ट इंडिजचे रोहन कन्हाय यांनी शंका काढली, की बंदूक कशाला लागली असेल, यांचे समालोचन चालू असलेला रेडिओ जंगलात ठेवला असणार आणि वाघ कंटाळून मेले असणार. किस्सा खरा की रचलेला, ते सांगता येत नाही, पण भारतीय क्रिकेटच्या गप्पांत तो अजून टिकून आहे.

२ डिसेंबर १९६५ रोजी बनारसला त्यांचे निधन झाले, साठी पूर्ण व्हायला काही दिवस उरले असताना. पुढच्या वर्षापासून विद्यापीठांच्या विभागीय संघांमध्ये त्यांच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. या विझी करंडकात उतरलेल्या मुलांना संघात जागा मिळायची ती आंतरविद्यापीठ सामन्यांत केलेल्या धावांवर आणि घेतलेल्या बळींवर.